काल तर बरी होती

पदवीच्या शेवटच्या वर्षी पाच-पाच जणांच्या गटाने मिळून एक प्रकल्प करायचा असतो. अशाच एका गटातल्या चौघांनी वर्षाच्या मध्यावर मार्गदर्शक प्राध्यापकांकडे लेखी अर्ज दिला. पाचवी मुलगी बैठकांना येत नाही, कामं वेळेत देत नाही, विचारलं की तब्येतीचं कारण सांगते. तेव्हा तिचं नाव अहवालातून काढावं, नाहीतर तिला वेगळे गुण द्यावेत, अशी मागणी होती. खाली चौघांच्या सह्या. त्यातलं एक वाक्य असं होतं: "तिच्या आजाराबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे, परंतु मीटिंग सोडून ती बाकी सगळीकडे दिसते."

प्राध्यापकांनी अर्ज विद्यार्थी समुपदेशन कक्षाकडे, म्हणजे माझ्याकडे पाठवला. त्या मुलीला ल्युपस आहे. तिच्या आणि उरलेल्या चौघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून प्रकल्पाचा विषय आणि काही तपशील बदलले आहेत.

या चौघांत निर्दय कोणी नव्हतं, हे आधीच सांगायला हवं. पहिल्या दोन महिन्यांत त्यांनी तिच्यासाठी जेवढं केलं तेवढं फार थोडे गट करतात. म्हणूनच हे प्रकरण अभ्यासण्याजोगं वाटलं. धडधाकट तरुण मुलांना आजारी सोबत्याबद्दल काही वाटतच नाही असं गृहीत धरून आपण त्यांच्यापुढे संवेदनशीलतेवर भाषणं ठेवतो. इथे वाटत होतं, भरपूर वाटत होतं. पण त्यामागे एक अंदाज होता: आजार येतो, काही दिवस मुक्काम करतो आणि जातो. ज्या आजाराला जायचंच नाही, त्याच्यासमोर हा अंदाज टिकला नाही, आणि त्याच्याबरोबर माया पण आटली.

आजार

निदान झालं तेव्हा ती १९ वर्षांची होती. ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. सांधे, त्वचा, मूत्रपिंडं, फुफ्फुसांभोवतीचं आवरण, रक्तपेशी, कुठेही दाह होऊ शकतो, आणि एकाचा ल्युपस दुसऱ्यासारखा असेलच असं नाही. दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात. सुरुवात बहुतेकदा १५ ते ४४ या वयात होते, म्हणजे नेमकी शिक्षणाच्या, पहिल्या नोकरीच्या, स्वतःचं काहीतरी उभं करण्याच्या वर्षांत. आजार एका पातळीवर राहत नाही. काही आठवडे, काही महिने शांत असतो, मग उसळतो. डॉक्टर आणि रुग्ण दोघंही त्या उसळीला 'फ्लेअर' म्हणतात. ऊन, जंतुसंसर्ग, ताण, औषधात पडलेला खंड ही त्याची ओळखीची कारणं. कधी कधी काहीच कारण सापडत नाही.

हिच्या बाबतीत मुख्य त्रास हातांच्या सांध्यांचा आणि थकव्याचा होता. सकाळी बोटं आखडलेली असायची. मूठ वळायला तास-दीड तास लागायचा. उन्हात गेलं की गालांवर लाल चट्टे यायचे. ल्युपसच्या रुग्णांत थकव्याची तक्रार सर्वांत जास्त आढळणाऱ्यांपैकी आहे, आणि हा थकवा कुठल्याही रिपोर्टमध्ये आकड्याने छापून येत नाही. ती हायड्रॉक्सिक्लोरोक्विन कायम घेत होती. मूळचं मलेरियाचं हे औषध ल्युपसच्या उपचाराचा कणा आहे. फ्लेअर आला की जोडीला स्टेरॉइड, प्रेडनिसोलोन. स्टेरॉइडने दाह लवकर उतरतो, पण झोप उडते, भूक वाढते आणि चेहरा गोल होतो.

त्या गोल चेहऱ्याने बराच घोटाळा केला. वर्गातली मुलं तिला म्हणायची, "अरे वा, तब्येत सुधारली की तुझी!" ज्या आठवड्यांत ती सर्वांत जास्त आजारी होती, नेमकी त्याच आठवड्यांत ती लोकांना सर्वांत चांगली दिसत होती. पहिल्यांदा कुणी असं म्हणालं तेव्हा तिने औषधाचं कारण सांगितलं. पुढे सांगणं सोडून दिलं.

वर्ष कसं गेलं

गट जमला त्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं होतं: मला ल्युपस आहे, कधी कधी जमणार नाही. सगळ्यांनी मान डोलावली. त्या रात्री प्रत्येकाने फोनवर ल्युपस शोधला आणि प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सापडलं.

पहिले दोन महिने बैठका तिच्या सोयीने दुपारी ठेवल्या. रक्ततपासणीला कुणीतरी सोबत जायचं. ती आली नाही की नोट्स पोचायच्या. याच काळात एक मोठा फ्लेअर येऊन गेला, ती आठवडाभर घरी होती आणि चौघांनी तिचं काम कसलीही कुरकुर न करता वाटून घेतलं. ती परत आली तेव्हा गटाच्या मनात ते प्रकरण संपलं होतं. आता गाडी रुळावर.

तिसऱ्या महिन्यात तिने पुन्हा दोन बैठका बुडवल्या. "आता काय झालं?" असा पहिला मेसेज आला तो तेव्हा. मग एका शुक्रवारी तिने ऐनवेळी कळवलं, "आज नाही जमणार, सॉरी." शनिवारी संध्याकाळी तिच्या एका नातेवाइकाच्या कार्यक्रमातला फोटो कुणीतरी स्टेटसला ठेवला. त्यात ती नटूनथटून, हसत उभी होती. गटातल्या तिघांनी तो फोटो पाहिला. एकाने त्याचा स्क्रीनशॉट काढून, तिला वगळून केलेल्या नव्या ग्रुपवर टाकला. त्याखालचा मेसेज मी वाचला आहे: "काल उठवत नव्हतं म्हणे." त्याखाली दोन हसणाऱ्या इमोजी. अर्ज यानंतर तीन आठवड्यांनी आला.

त्या शनिवारचं तिच्या बाजूचं गणित असं. कार्यक्रमाला जायचंच होतं, म्हणून ती गुरुवारपासून पडून होती. शुक्रवारची बैठक त्यातच गेली. कार्यक्रमात चाळीस-पंचेचाळीस मिनिटं उभी राहिली, फोटो त्यातलाच. रविवार, सोमवार अंथरुणात. मी तिला विचारलं, बैठक महत्त्वाची की कार्यक्रम? ती म्हणाली, "मॅडम, मी नेहमी कामच निवडलं तर माझ्याकडे आजार आणि काम एवढंच उरेल." यावर गटाने रागवावं की नाही हा वेगळा प्रश्न आहे. पण निरोगी मुलगा बैठक बुडवून कार्यक्रमाला गेला असता तर त्याला आळशी म्हटलं असतं, खोटारडा म्हटलं नसतं.

चौघांचं म्हणणं

चौघांशी मी स्वतंत्र बोलले. गटप्रमुखाशी बोलणं सर्वांत लांबलं, आणि मला वाटतं या प्रकरणाची किल्ली त्याच्याकडेच होती.

तो फुटबॉल खेळतो. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याचा लिगामेंट तुटून शस्त्रक्रिया झाली होती. महिनोन्‌महिने फिजिओथेरपी करून तो मैदानावर परतला. तो मला म्हणाला, "मॅडम, दुखणं काय असतं ते मला माहितीये. डोळ्यांतून पाणी यायचं, पण रोज सकाळी उठून व्यायाम केला. एक दिवस चुकवला नाही. ती प्रयत्नच करत नाही असं वाटतं मला." तो खोटं बोलत नव्हता आणि बढाईही मारत नव्हता. त्याच्या शरीराने त्याला एक धडा शिकवला होता: नेटाने रेटलं की पुढे सरकतो. लिगामेंटच्या बाबतीत तो खराही आहे. ल्युपसमध्ये ताकदीबाहेर रेटलं तर पुढचे दोन दिवस आडवं व्हावं लागतं. तिथे डॉक्टरच सांगतात की काम तुकड्यांत करा, दमायच्या आधी थांबा. म्हणजे जी नेमकी शिस्तीने वागत होती, तीच त्याला ढिली दिसत होती. कधीच आजारी न पडलेल्या मुलापेक्षा, आजारातून पूर्ण बरा झालेला मुलगा अशा ठिकाणी जास्त कडक न्यायाधीश होतो, असं मी इतरही वेळा पाहिलं आहे. त्याच्याकडे पुरावा असतो, स्वतःचाच.

दुसरी तिची शाळेपासूनची मैत्रीण. अर्जावर पहिली सही हिची होती. ल्युपस शोधल्यावर तिला त्या रात्री 'जीवघेणा आजार' एवढंच दिसलं होतं. ही भीती जुन्या काळची आहे. १९५०च्या दशकात निदानानंतर चार वर्षांत जवळपास निम्मे रुग्ण दगावत. आज पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर आहे. पण मैत्रिणीने पुढचं वाचलं नाही. तिने सगळं अंगावर घेतलं. बॅग उचलायची, तिच्या वतीने प्राध्यापकांशी बोलायची, "तिला ताण नको" म्हणून तिच्या वाट्याचं सादरीकरण न विचारता स्वतःकडे घ्यायची. वर्गात कुणी विचारलं तर आजाराची माहितीही द्यायची. आजारी मुलीला हे जड जात होतं, पण एवढं करणाऱ्या मैत्रिणीला थांब कसं म्हणायचं? चार महिन्यांनी मैत्रीण थकली. तिचे गुण घसरले होते. रडत म्हणाली, "मी तिच्यासाठी एवढं केलं, आणि ती तशीच आहे." त्या 'तशीच आहे'मध्ये तक्रार होती. एवढ्या सेवेनंतर बरं व्हायला हवं होतं.

तिसरी मुलगी अबोल. तिने सही का केली ते तिला नीट सांगता येईना. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला तिच्याजवळ बसायला भीती वाटते. लागण होईल म्हणून नाही, तेवढं कळतं मला. पण आम्ही एकाच वयाच्या आहोत ना." मग तिने मला लागोपाठ प्रश्न विचारले. ती आधी खूप जागरण करायची का? बाहेरचं खायची का? घरात कुणाला होतं का? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो' असावं अशी तिची इच्छा होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कारण सापडलं असतं तर ती स्वतः सुटली असती.

चौथ्याला फक्त गुणांची काळजी होती. तसं तो सरळ म्हणाला. त्याच्याशी बोलणं दहा मिनिटांत संपलं, आणि पुढे व्यवस्था बदलल्यावर सर्वांत आधी तोच राजी झाला.

तिचं म्हणणं

ती बोलायला आली तेव्हा तिने फाइल आणली होती. रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. मी काही मागितलं नव्हतं. २१ वर्षांची मुलगी कुठेही जाताना आपल्या आजाराचे पुरावे बरोबर ठेवते, याचं मला वाईट वाटलं.

गटाच्या तक्रारीतला काही भाग खरा होता, हे तिने मान्य केलं. दोन कामं तिने उशिरा दिली होती आणि उशीर होणार हे आधी कळवलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणाली, प्रत्येक वेळी 'दुखतंय' लिहायची लाज वाटते. एकदा, दोनदा लोक ऐकतात. पुढे आपलाच आवाज आपल्याला रडका वाटायला लागतो. म्हणून ती "कशी आहेस?"ला "मस्त" म्हणायची, आणि जमेल या आशेवर शेवटच्या तासापर्यंत थांबायची. कधी जमायचं, कधी नाही. गटाला यातलं फक्त 'मस्त' आणि त्यानंतरचं 'नाही जमणार' एवढंच दिसायचं. त्या दोहोंमधली रात्र दिसायची नाही.

ती रात्र पुढे अनपेक्षितपणे दिसली. 'कामच करत नाही' या आरोपाची शहानिशा करायला मी प्राध्यापकांना प्रकल्पाच्या सामायिक शीटची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, उघडायला सांगितली. सर्वेक्षणाचे सगळे फॉर्म त्या शीटमध्ये भरलेले होते. दोनदा नोंदलेली उत्तरं काढणं, चुकीचे आकडे मूळ फॉर्मवरून तपासणं, रिकाम्या जागा खुणावणं, हे किचकट काम जवळपास सगळं तिच्या नावावर होतं. वेळा पाहिल्या तर पहाटे दोन, अडीच, पावणेचार. स्टेरॉइडने झोप उडालेल्या रात्री आणि हात थोडे सैल असायचे ती वेळ. सकाळच्या बैठकीला ती गैरहजर, आणि बैठकीत ज्या स्वच्छ आकड्यांवर चर्चा चालली ते तिनेच रात्री करून ठेवलेले. चौघांपैकी एकानेही शीट अशी उघडून पाहिली नव्हती. काम म्हणजे त्यांच्या मते खोलीत असणं.

तरीही एवढ्यावरून निकाल तिच्या बाजूने लागला असं मी म्हणणार नाही. तिच्या बाजूने असा ढळढळीत पुरावा निघाला नसता तर? काही फ्लेअरमध्ये माणूस रात्रीही काही करू शकत नाही. तेव्हा तिचा गटात असण्याचा हक्क संपतो का? पुढची व्यवस्था ठरवताना हा प्रश्न मी डोळ्यांपुढे ठेवला.

हे असं का होतं

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्स यांनी १९५१ मध्ये आजारी माणसाच्या सामाजिक भूमिकेची मांडणी केली. समाज आजारी माणसाला दोन सवलती देतो: नेहमीच्या जबाबदाऱ्यांतून सूट, आणि आजारी पडल्याबद्दल दोष न देणं. बदल्यात दोन अपेक्षा ठेवतो: त्याने बरं व्हायची इच्छा धरावी, आणि वैद्यकीय मदत घेऊन त्यात सहकार्य करावं. ताप, मोडलेलं हाड, अपेंडिक्स यांना हे चपखल बसतं. न जाणाऱ्या आजारांना बसत नाही, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आणि ती योग्य आहे. या गटाने पार्सन्स वाचला नव्हता, पण व्यवहार तंतोतंत तोच केला. दोन महिने सूट दिली, मग आपल्या वाट्याची अपेक्षा वसूल करायला आले. आजारी पडल्याचा दोष तिला कुणीच दिला नाही. बरी न होण्याचा दिला.

अबोल मुलीच्या प्रश्नांचं मूळ वेगळं आहे. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांचा १९६६चा प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. एका मुलीला विजेचे झटके बसताना पाहतोय असं सहभागी मुलींना वाटत होतं. झटके खरे नव्हते. तिला मदत करायचा मार्ग ज्यांच्याकडे नव्हता, त्यांनी तिच्याबद्दल जास्त वाईट मत बनवलं. जगात न्याय आहे, भल्याचं भलं होतं, हा विश्वास टिकवायचा तर ज्याचं वाईट झालं त्याच्यात काहीतरी खोट काढावी लागते. त्यात तरुणपणाची भर. नील वाइनस्टाइन यांनी १९८० मध्ये २५८ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या ४२ घटनांबद्दल विचारलं: तुमच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता बरोबरीच्यांपेक्षा किती कमी-जास्त? चांगलं आपल्या वाट्याला जास्त येईल आणि वाईट कमी, असंच एकूण चित्र निघालं. या खात्रीने जगणाऱ्या मुलीच्या शेजारच्या बाकावर समवयस्क आजारी मुलगी येऊन बसते, तेव्हा दोन गोष्टी शक्य असतात. एक तर स्वतःची खात्री सैल करायची, नाहीतर तिच्या जागरणाची चौकशी करायची.

मैत्रिणीचा अंदाज उलट्या दिशेने चुकला होता. तिला वाटत होतं, हिचं आयुष्य म्हणजे आता नुसतं दुःख. बाहेरून पाहणाऱ्या निरोगी माणसाला असं हमखास वाटतं. २००५ मध्ये जेसन रीस आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसवर असलेल्या ४९ रुग्णांना आणि तेवढ्याच निरोगी लोकांना आठवडाभर हातात एक छोटं यंत्र दिलं. ते दिवसातून अनेकदा वाजायचं आणि त्या क्षणीचं मन कसं आहे ते नोंदवायचं. दोन्ही गटांच्या नोंदींत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. निरोगी लोकांचा अंदाज मात्र डायलिसिसवरचं जगणं प्रत्यक्षापेक्षा खूपच दुःखी असेल असा होता. रुग्णाला वेदना नसतात असा याचा अर्थ कुणी काढू नये. माणूस आजाराभोवती आयुष्य बसवून घेतो, आणि पाहणाऱ्याला आजार दिसतो, बसवून घेतलेलं आयुष्य दिसत नाही. त्यामुळे नातेवाइकाच्या कार्यक्रमातला हसरा फोटो त्याच्या हिशोबात कुठेच बसत नाही. इतकी आजारी असती तर हसली असती का, असा तो विचार असतो.

आणि तिचं 'मस्त'? अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाविषयी लिहिताना, वेगळेपण उघड दिसणारे आणि ते लपलेलं असलेले असा भेद केला. ज्यांचं वेगळेपण लपलेलं असतं त्यांना सतत एकच काम असतं: कुणाला सांगायचं, कधी, किती. तिने मला सांगितलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रसंगात हेच काम दिसतं. आजारापेक्षा हे जास्त दमवतं, असं ती म्हणाली.

काय केलं

विभागाकडून एक सूचना आली होती. एक दिवस सगळ्या वर्गाला जाड हातमोजे घालून टायपिंग करायला लावा, हातापायांना वजनं बांधा, म्हणजे त्यांना कळेल. हेतू चांगला होता, पण मी नाही म्हटलं. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्वाचा अनुभव देण्यावर एरियल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टी बांधलेल्या लोकांनी नंतर अंध माणसांची काम करण्याची, स्वतंत्र राहण्याची क्षमता कमी लेखली. कारण साधं आहे. अशा खेळात फक्त पहिल्या दिवसाची धडपड अनुभवाला येते, वर्षानुवर्षं कमावलेलं कौशल्य येत नाही. हातमोजे घालून वर्गाला तिची कीव आली असती. कीव तर आधीच पुरेशी होती.

पाचही जणांना एकत्र बसवलं. शीटची नोंद समोर ठेवली तेव्हा गटप्रमुख बराच वेळ ती पाहत राहिला. मग त्याने जो प्रश्न विचारला तो मला महत्त्वाचा वाटतो: "ठीक आहे, पण पुढच्या वेळी ती नाही म्हणाली, तर खरं की बहाणा हे आम्ही कसं ओळखायचं?"

ओळखता येणार नाही, असं मी त्याला सांगितलं. आणि ओळखायची गरज पडू नये अशा रीतीने काम लावायचं ठरवलं. प्रत्येक कामाला दोन तारखा: एक अपेक्षित, एक शेवटची. प्रत्येक कामाला एक मुख्य माणूस आणि एक जोडीदार. फाइल पहिल्या दिवसापासून दोघांसाठी उघडी. रोज रात्री नऊपर्यंत ग्रुपवर फक्त एक रंग टाकायचा. हिरवा म्हणजे उद्याचं काम होईल, पिवळा म्हणजे अर्धं होईल, लाल म्हणजे जोडीदाराने घ्यावं. कारण लिहायचं नाही आणि विचारायचंही नाही. रंग टाकला नाही आणि काम आलं नाही, तर ती चूक धरायची, मग माणूस कुणीही असो. ही शेवटची अट तिनेच घालायला लावली. बैठकीचा वृत्तान्त त्याच दिवशी लिहून ठेवायचा, आणि खोलीत नसणाऱ्याला व्हिडिओवर हजर राहता यायला हवं.

नियम पाचही जणांना सारखे होते, यावर मी ठाम राहिले. तिच्या एकटीसाठी सवलत म्हणून हेच केलं असतं तर ती पुन्हा उपकाराखाली आली असती, आणि उपकाराची मुदत काय असते ते गटाने दाखवलंच होतं. गंमत अशी झाली की पहिला लाल चौथ्या मुलाचा पडला. का, ते कुणी विचारलं नाही. पुढे अबोल मुलीने पाळीच्या दुखण्यात दोनदा पिवळा टाकला. याआधी ती गोळी घेऊन बैठकीत बसायची.

प्रत्येकाच्या वैयक्तिक भावनांवर मी गटात चर्चा घेतली नाही. मैत्रिणीशी मात्र वेगळी बोलले. तिने काय करायचं थांबवायचं याची आम्ही यादी केली, आणि पहिलं होतं ते आजाराबद्दल इतरांना माहिती देणं.

पुढे काय झालं

अर्ज मागे घेतला गेला. दुसऱ्या सत्रात तिला मोठा फ्लेअर आला, लघवीतून प्रथिनं जायला लागली, काही दिवस रुग्णालयात राहावं लागलं. सलग लाल पडत राहिले आणि तिचं विश्लेषणाचं काम जोडीदाराने, म्हणजे गटप्रमुखाने पुरं केलं. तिने अर्धं रचून ठेवलं होतं त्यामुळे त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. अहवाल मुदतीत गेला. सादरीकरणात तिने आपला भाग खुर्चीवर बसून मांडला. परीक्षकांना आधी कळवलं होतं, तिथे स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

सगळं जुळून आलं असं नाही. मैत्रिणीशी तिचं पूर्वीसारखं बोलणं राहिलेलं नाही. स्क्रीनशॉट कुणी टाकला ते तिला पुढे कळलं. अबोल मुलगी आजही तिच्या शेजारी बसायचं टाळते, फक्त आता तिला त्याचं कारण माहीत आहे. वर्ष संपताना मी गटप्रमुखाला विचारलं, तिच्याबद्दलचं मत बदललं का? तो म्हणाला, "खरं सांगू? मला अजूनही पूर्ण कळत नाही. एक दिवस ठीक आणि दुसऱ्या दिवशी नाही, हे डोक्यात बसत नाही. पण तिच्याबरोबर पुन्हा काम करीन." मला हे उत्तर चालतं. धडधाकट विशीतल्या मुलाला हा आजार आतून कळावा ही अट ठेवली, तर आजारी सोबत्याला आयुष्यभर वाट पाहावी लागेल.

विभागाने पुढच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या नियमांत दोन तारखा आणि जोडीदार यांचा समावेश केला आहे. रंगांची पद्धत गटांवर सोडली आहे. ती आता नोकरीसाठी मुलाखती देते. तिथे आजाराचं काय सांगायचं, यावर आम्ही मिळून दोन वाक्यं तयार केली: मला दीर्घकालीन आजार आहे आणि उपचार चालू आहेत. तपासणीसाठी अधूनमधून एखादा दिवस लागेल, कधी काही दिवस घरून काम करावं लागेल, ते मी आदल्या दिवशी कळवत जाईन. आजाराचं नाव त्यात नाही. ते कुणाला सांगायचं ते ती रुजू झाल्यावर माणसं पाहून ठरवणार आहे. रिपोर्टची फाइल मुलाखतीला न्यायची नाही, एवढं मात्र तिने आत्ताच ठरवलं आहे.